अनलेस, अनटिल, इन्क्लूडिंग

तेंदूपत्त्याचा हंगाम जवळ आला की गडचिरोलीतल्या ग्रामसभांमध्ये युनिट, टेंडर, स्टँडर्ड बॅग, रॉयल्टी, ॲडव्हान्स, टीपी हे शब्द सर्रास ऐकू येतात आणि बोलणाऱ्या कुणालाही आपण इंग्रजी बोलतो आहोत असे वाटत नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, माजरी, बल्लारपूरच्या कोळसा खाणींमध्ये शिफ्ट, डंपर, शॉवेल, ब्लास्टिंग, ओव्हरमन यांच्याशिवाय कामाचा दिवस सुरू होत नाही. ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटवर कोअर, बफर, साइटिंग, पगमार्क, अलार्म कॉल चालतात. आशाताईंच्या वहीत बीपी, एचबी, ओपीडी, रेफर, डिलिव्हरी असते. रोजगार हमीच्या कामावर जॉब कार्ड आणि मस्टर असते. त्यात फोन, बँक आणि एसटी स्टँडवरचे शब्द मिळवले तर शाळा लवकर सुटलेल्या माणसाच्या तोंडीही काहीशे इंग्रजी शब्द सहज सापडतील. तरीही त्याच माणसाला एक सरळ इंग्रजी वाक्य जुळवायला सांगितले तर तो अडतो. या अडण्याला आपण लाजाळूपणा म्हणतो, न्यूनगंड म्हणतो, शब्दसंग्रह तोकडा आहे म्हणतो आणि त्याच्या हातात रोज दहा नवे शब्द देणारे पुस्तक ठेवतो. हे निदानच चुकीचे आहे असे माझे मत आहे. या दोन जिल्ह्यांतल्या माणसाकडे शब्द भरपूर आहेत, पण ते एकाच जातीचे आहेत. वस्तूंची, पदांची, कागदांची नावे त्याला येतात. त्या नावांना एकमेकांशी बांधणारे जे शे-दोनशे छोटे शब्द असतात ते त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाहीत, आणि रोजच्या वापराचे इंग्रजी शिकवायचे असेल तर सुरुवात त्यांच्यापासून करायला हवी.

असे का झाले याचे उत्तर भाषा एकमेकींकडून उसनवारी कशी करतात यात आहे. एका भाषेतून दुसरीत शब्द जातात तेव्हा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त नामे जातात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन लोकांच्या बोलीत शिरलेल्या इंग्रजी शब्दांचा हिशेब एनर हाउगेन या भाषाशास्त्रज्ञाने १९५० साली मांडला. त्यात सुमारे तीन चतुर्थांश शब्द नामे होती, क्रियापदे त्याहून कितीतरी कमी, आणि जोडणारे शब्द जवळजवळ नव्हतेच. मराठीत तर क्रियापदही नाम होऊनच आत येते. आपण रिचार्ज करतो, फॉरवर्ड करतो, पेशंटला रेफर करतो, टेंडर कॅन्सल होते. क्रियेचा सगळा भार करणे आणि होणे यांच्यावर राहतो, काळ-वचन-पुरुष मराठीच सांभाळते, आणि इंग्रजी शब्द पाहुण्यासारखा एका जागी बसून राहतो. बोलण्यात असे हजार शब्द आले तरी इंग्रजी वाक्यरचनेचा सराव अजिबात होत नाही. म्हणून इंग्रजी शब्दांनी भरलेले मराठी बोलणारा शहरी मुलगाही मुलाखतीत अडखळतो. गडचिरोलीचा मुलगा अडखळला की त्याचे खापर जंगलावर फुटते एवढाच फरक.

दुसरे कारण वाक्याच्या ठेवणीत आहे. गडचिरोली जिल्ह्यात मराठी, गोंडी, माडिया, हिंदी, तेलुगू, बंगाली आणि छत्तीसगढी अशा सात भाषा बोलल्या जातात. सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगाली, कोरचीच्या सीमेवर छत्तीसगढी, भामरागड-एटापल्लीत माडिया. यांतल्या काही द्राविडी कुळातल्या, काही आर्य कुळातल्या. पण दोन बाबतींत सातही एकमताच्या आहेत. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि नात्याचा शब्द नामाच्या मागून येतो. आपण झाडाखाली म्हणतो, आधी झाड आणि मग खाली. इंग्रजीत अंडर द ट्री, आधी खाली आणि मग झाड. आपण वाघ पाणवठ्यावर आला म्हणतो. इंग्रजीत वाघ, मग आला, मग वर, मग पाणवठा. म्हणजे घरची भाषा कोणतीही असो, या जिल्ह्यातल्या प्रत्येकाला इंग्रजी बोलताना तेच दोन उलटे फेर घ्यावे लागतात. एका वर्गात चार घरभाषांची मुले बसली आहेत म्हणून शिक्षक हतबल होतात; पण अडचण सगळ्यांची सारखीच असल्यामुळे एकच धडा सगळ्यांना लागू पडतो. ही मोठी सोय आहे आणि तिचा फायदा घेतलेला फारसा दिसत नाही.

छोट्या शब्दांचे वजन किती, हे आकड्यांतही दिसते. कोणताही सामान्य इंग्रजी मजकूर घ्या. सर्वाधिक वापरातले शंभर शब्द मिळून त्याचा जवळजवळ निम्मा भाग व्यापतात, आणि या शंभरांत नामे अगदी मोजकी असतात. बाकीचे इन, ऑन, टू, फ्रॉम, विथ, इफ, व्हेन, बिकॉज, कॅन, विल, डू, हॅव्ह यांच्या गोत्रातले. मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाने १९५३ साली नेहमीच्या वापरातल्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली, आणि पुढच्या अभ्यासांतून दिसले की एवढे शब्द नीट येणाऱ्याला साध्या लिखाणातले पाचांपैकी चार शब्द ओळखता येतात. वेस्टने या कामाची पायाभरणी ढाक्यात बंगाली मुलांना शिकवताना केली होती हे सांगायला हवे. मुलचेऱ्याच्या बंगाली वस्त्यांतल्या कित्येक घराण्यांचा मुलूख तोच. दोन हजार शब्द ऐकायला जास्त वाटतात, पण त्यातले कित्येक आपल्याकडे आधीच नामांच्या रूपाने आहेत. उरलेल्यांतला कठीण आणि महत्त्वाचा गाभा लहान आहे.

ताडोबात हे सगळे एका गाडीत पाहायला मिळते. १९५५ साली झालेले हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान पुढे अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाले, आणि आता प्रत्येक पर्यटक गाडीत स्थानिक गाइड असावाच लागतो. हे गाइड भोवतालच्या गावांतलेच तरुण-तरुणी असतात. जंगलाचे ज्ञान त्यांच्याकडे पिढीजात आहे. नामांची त्यांना वाण नाही. चितळ म्हणजे स्पॉटेड डिअर, अस्वल म्हणजे स्लॉथ बेअर, रानकुत्रा म्हणजे वाइल्ड डॉग. ऐनाच्या खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी म्हणून ते क्रोकोडाइल बार्क ट्री, चांदण्यात पांढरे चमकणारे कुलूचे झाड म्हणजे घोस्ट ट्री. परदेशी पाहुणा खूश होतो. पण तोच पाहुणा जेव्हा विचारतो की चितळ आत्ता का ओरडले, वानर ओरडले असते तर अर्थ वेगळा झाला असता का, वाघीण पिलांना सोडून किती वेळ दूर राहते, तेव्हा गाइडकडे उत्तर असते आणि वाक्य नसते. त्याला सांगायचे असते की चितळ एकदोनदा ओरडले तर संशय असतो, पण वानर झाडावरून सतत ओरडत असेल तर वाघ किंवा बिबट त्याला प्रत्यक्ष दिसतो आहे, कारण वर बसलेल्याची नजर दूर जाते. या उत्तरात नवे नाम एकही लागत नाही. लागतात ते इफ, बट, बिकॉज, स्टिल, फ्रॉम. ते नसल्यामुळे त्याचे आयुष्यभराचे निरीक्षण टायगर, लेफ्ट साइड, कॉल एवढ्यात संपते, पाहुणा घरी जाऊन सांगतो की गाइडला फार माहिती नव्हती, आणि जंगलाचा अर्थ सांगण्याचे मानाचे, चांगल्या मोबदल्याचे काम बाहेरून आलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या निसर्गतज्ज्ञाकडे जाते. माहिती एकाकडे आणि मान दुसऱ्याला, ही वाटणी शे-दीडशे शब्दांपायी होत असेल तर ती सहन करण्याचे कारण नाही.

पर्यटन ही तरी हौसेची बाब. कायद्याच्या कागदात हेच छोटे शब्द गावाच्या पोटाशी येऊन भिडतात. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात झाड या संज्ञेची व्याख्या देताना म्हटले होते की झाडात ताड, बांबू, वेत वगैरेंचा समावेश होतो. त्या एका समावेशक शब्दामुळे, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने गवत असलेला बांबू कायद्याने इमारती लाकडाच्या पंक्तीत बसला आणि गावाच्या हाताबाहेर गेला. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या आली, आणि त्यात इन्क्लूडिंग बांबू असे दोन शब्द आले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, वनखात्याच्याच हातात होता. गावाने त्या व्याख्येवर बोट ठेवले आणि ते बोट हलू दिले नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. १९२७ च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळायला त्यानंतरही २०१७ साल उजाडले. मेंढ्याच्या लढ्यात देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि सगळे गाव होते, संघटना होती, वर्षानुवर्षांचा अभ्यास गट होता. सगळे श्रेय व्याख्येतल्या दोन शब्दांना देणे हा त्या माणसांवर अन्याय होईल. पण त्यांनी अभ्यास गटात नेमके हेच केले होते: कायद्याचा शब्द न् शब्द आपल्या भाषेत फोडून पाहिला होता.

असे शब्द त्या कायद्यांत पानोपानी आहेत. वनहक्क कायदा म्हणतो की दावा ओळखण्याची आणि पडताळण्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वनवासी कुटुंबाला त्याच्या ताब्यातल्या जमिनीवरून हटवता येणार नाही. हे सगळे संरक्षण टिल या चार अक्षरी इंग्रजी शब्दावर उभे आहे. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत करावी असे सांगतो. त्यातल्या किंवा या शब्दाने ग्रामसभेला बाजूला ठेवायची फट ठेवली आहे, आणि सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने पूर्वसंमती हा शब्द आणला, तरी किंवा तिथेही आहेच. खाणी, रस्ते, कालवे यांचे प्रस्ताव ज्या जिल्ह्यांत सतत येत असतात तिथे कन्सल्ट आणि कन्सेंट, अँड आणि ऑर, मे आणि शॅल यांतला फरक गावातल्या दोन-चार जणांना तरी मूळ मजकुरात ओळखता यायला हवा. राज्याचा कारभार मराठीत चालतो आणि या कायद्यांची मराठी भाषांतरे मिळतात, हे खरे. मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे केंद्रीय कायद्याचा अधिकृत पाठ आणि वरिष्ठ न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत आहे. वाद पेटला की भाषांतर बाजूला राहते आणि मूळ वाक्य समोर येते.

कारखान्यात आणि दवाखान्यातही याच शब्दांशी गाठ आहे, तिथे फार थांबत नाही. यंत्राशेजारच्या पाटीवरचे डेंजर सगळ्यांना कळते. पण अमुक दिवा विझल्याशिवाय झडप उघडू नये, असे सांगणाऱ्या वाक्यातला अनलेस किंवा अनटिल निसटला तर उरलेले वाक्य बरोबर उलटा आदेश देते. औषधाच्या पाकिटावरचे बिफोर फूड आणि आफ्टर फूड हेही असेच. चुकीचे नाम वापरले तर समोरचा हसतो किंवा पुन्हा विचारतो. चुकीचा जोडशब्द मात्र कुणाच्या लक्षात येत नाही आणि काम बिघडवून मोकळा होतो.

मग शिकवले काय जाते? महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणले, त्याआधी ते पाचवीपासून होते. चार वर्षे वाढली, त्यांतली बरीचशी रंग, फळे, प्राणी, अवयव यांच्या नावांत गेली. मुले ती झटपट पाठ करतात, पालकांना अभिमान वाटतो, आणि भांडारात आणखी नामे जमा होतात. मोठ्यांसाठी दोन वाटा रूढ आहेत. एक जुनी, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची, जिने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाचायला शिकवले. तिला आज नावे ठेवण्याची पद्धत आहे, पण त्या पाठमालेत जोडशब्दांना आणि वाक्याच्या उलटापालटीला जेवढा मान होता तेवढा नव्या रंगीत पुस्तकांत नाही. तिची उणीव एवढीच की तिची वाक्ये शिकणाऱ्याच्या आयुष्यातली नव्हती आणि ती तोंडाने म्हणायची नव्हती. दुसरी वाट तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीची. तिच्यात विमानतळ, हॉटेल, मॉल, पार्टी यांची तयार वाक्ये असतात. अहेरीच्या तरुणाला त्यातले एकही वाक्य आठवडाभर वापरायची संधी मिळत नाही, आणि न वापरलेले वाक्य टिकत नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते की पाठ केलेल्याचा मोठा भाग पहिल्या दिवसातच विसरला जातो, आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तरच तो टिकतो. वापराची संधी ज्या शब्दांना रोज मिळते तेच शब्द आपोआप उजळले जातात.

म्हणून एकक शब्द नसावा, वाक्याचा साचा असावा, आणि त्या साच्यात शिकणाऱ्याने आपल्याकडची नामे स्वतः भरावीत. डोन्ट अमुक अनटिल तमुक. इफ अमुक, देन तमुक. देअर इज अमुक बिहाइंड तमुक. कॅन यू अमुक बिफोर तमुक. गाइड त्यात चितळ आणि पाणवठा भरेल, आशाताई बाळ आणि ताप भरतील, ग्रामसभेचा सचिव टीपी आणि रॉयल्टी भरेल, खाणीतला कामगार डंपर आणि सिग्नल भरेल. असे साठ-सत्तर साचे मोठ्याने म्हणून, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने परत म्हणून तोंडी बसले तर नामे तयारच असल्यामुळे वाक्ये वाढत जातात. यात अ आणि द यांच्या चुका होतील. होऊ द्याव्यात. जिल्ह्यातल्या सातही भाषांत इंग्रजी द सारखे नामाआधी येणारे उपपद नाही; ते उशिरा येते आणि चुकले तरी अर्थ सहसा अडत नाही. शिक्षकाने लाल पेन अनलेस, बिफोर, ऑर यांच्यासाठी राखून ठेवावे. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही साध्या शाळांत असाच विश्वास ठेवून प्रयोग केला होता. नकाशा वाचणे, रेल्वेचे वेळापत्रक पाहून प्रवास ठरवणे अशी कामे मुलांना इंग्रजीतून सोडवायला दिली. व्याकरणाचे नियम सांगितले नाहीत. मुले कामात गुंतली की भाषा त्यांच्यात मुरते, असे प्रभूंचे म्हणणे. मी नियम अजिबात सांगू नयेत इतके पुढे जाणार नाही; प्रौढ माणसाला क्रियापद आधी का येते हे दोन मिनिटांत मराठीत किंवा गोंडीत सांगितले तर त्याचे कितीतरी तास वाचतात. पण काम आधी आणि भाषा त्या कामापुरती, हा क्रम पटण्यासारखा आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा घेतला जाईल की ही तर छोटी इंग्रजी झाली. शहरातल्या मुलांना साहित्य, विज्ञान, वादविवाद, आणि जंगलातल्या मुलांना गाडीत उभे राहू नका एवढेच? आदिवासींसाठी दुय्यम शिक्षण आखण्याचा इतिहास आपल्याकडे आहे, त्यामुळे हा संशय रास्त आहे आणि तो मनात ठेवूनच पुढे जायला हवे. पण यात लहान कोणती इंग्रजी आणि मोठी कोणती, ते तपासावे. फळे-फुले-रंगांच्या दोनशे नामांतून विज्ञानाच्या पुस्तकाकडे रस्ता जात नाही. इफ, बिकॉज, अनलेस, देअरफोर यांच्यातून जातो, कारण तर्क करणारे प्रत्येक वाक्य त्यांच्यावरच चालते. वानराच्या ओरडण्याचे कारण इंग्रजीत नीट सांगू शकणारी मुलगी पुढे गोंडवाना विद्यापीठात किंवा नागपूरला जाऊन पर्यावरणशास्त्राचा निबंध लिहिताना हेच साचे वापरेल, आत भरायची नामे तेवढी बदलतील. सुरुवात कामातून व्हावी एवढाच माझा आग्रह आहे. शेवट कुठे व्हावा हे शिकणाऱ्याने ठरवावे, आणि वरच्या पायऱ्या त्याच्यासाठी बांधलेल्या असाव्यात ही सरकारची जबाबदारी राहतेच.

दुसरा आक्षेप पालकांचा: एवढा खटाटोप कशाला, सरळ इंग्रजी माध्यमात घाला. भामरागडमध्ये या म्हणण्याला वेगळीच धार येते. माडिया मुलाला मराठीही परकी आणि इंग्रजीही परकी. मग मधला थांबा कशाला, थेट शेवटचेच स्टेशन का नको? हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाने, जो १९७३ पासून या भागात आहे आणि ज्याची शाळा १९७६ पासून चालते, नेलगुंड्याला २०१५ साली साधना विद्यालय ही इंग्रजी माध्यमाची शाळा काढली, यावरून मागणी खोटी नाही हे कळते. उलट धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि मान्यतेसाठी तिला सरकारशी झगडावे लागले. या दोन शाळा एकमेकींच्या विरोधात आहेत असे मला वाटत नाही. दोघींनाही सरकारी शाळेत मुलाची घरची भाषा गप्प होते हेच खुपले आहे. पण सर्वसाधारण गावासाठी विचार केला तर माध्यमाची पाटी बदलून भाषा येत नाही. ती ऐकायला मिळणाऱ्या तासांवर येते. मराठी बाजारात, एसटीत, तलाठ्याकडे, दवाखान्यात कानावर पडते. इंग्रजी वर्गाबाहेर कुणी बोलत नाही, आणि पुष्कळदा वर्गातही शिक्षक धडा मराठीतच समजावतात. अशा ठिकाणी इंग्रजी माध्यम म्हणजे न समजलेले पाठ करणे. समज कोणत्याही भाषेत एकदा पक्की झाली की ती दुसऱ्या भाषेत नेता येते. जी झालीच नाही ती नेता येत नाही.

याचा सर्वांत ठोस पुरावा गडचिरोलीतच आहे, आणि तो शाळेचा नसून आरोग्याचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत नवजात बाळांच्या घरगुती सेवेचा प्रयोग केला. थोडेच शिकलेल्या गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाचे वजन, तापमान, श्वासांची मोजणी, जंतुसंसर्गाची लक्षणे आणि त्यावर द्यायचे औषध, हे सगळे त्या शिकल्या, आणि तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्यात आली. जगातल्या मोठ्या डॉक्टरांनी इंग्रजीत वाचले ते ज्ञान इथे त्या बायकांच्या ओळखीच्या भाषेत शिकवले आणि वापरले गेले होते. इंग्रजी नसेल तर ज्ञान येणार नाही, हा धाक गडचिरोलीने तरी मनावर घेऊ नये. इंग्रजी हवी ती आपले ज्ञान बाहेर मांडायला, आणि बाहेरचा कागद आपल्याला फसवत नाही ना हे पाहायला.

फोन सगळे भाषांतर करून देतो, मग शिकायचे कशाला, असे हल्ली बरेच जण विचारतात. पत्राचा फोटो काढून त्याचा मराठी मजकूर मिळतो ही खरोखर मोठी मदत आहे आणि ती जरूर घ्यावी. पण जिथे रेंज मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागते तिथे हा भरवसा अर्धाच. शिवाय भाषांतर सफाईदार मराठीत येते म्हणून त्यातला कन्सल्ट संमती झाला की नाही हे, मूळ शब्दावर बोट ठेवता येणारा माणूस गावात असल्याशिवाय, कळणार नाही. सुनावणीत समोरचा अधिकारी किंवा वकील बोलत असताना, किंवा गाडीसमोर वाघ उभा असताना, फोन काढायला वेळही नसतो.

राहतो प्रश्न शिकवणार कोण आणि कधी. ताडोबाचा कोअर भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतो, आणि त्या तीन महिन्यांत कित्येक गाइडांचे काम कमी होते. तेंदूचा हंगाम मे अखेरीस आटोपतो. रोवणी झाली की गावात संध्याकाळी थोडी उसंत मिळते. आशा कार्यकर्त्यांची महिन्याची बैठक प्राथमिक आरोग्य केंद्रात होतेच. वर्गखोल्या आहेत, दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत इंग्रजीचे प्राध्यापक आहेत, २०११ साली स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ आहे. पुस्तक मात्र नाही. चार धंद्यांची चार पातळ पुस्तके हवीत: गाइडचे, आशाताईंचे, ग्रामसभेचे आणि खाण-कारखान्याचे. प्रत्येकात तेच साठ-सत्तर साचे, त्यात त्या त्या कामाची नामे, शेजारी मराठी आणि गोंडी किंवा माडिया, आणि ग्रामसभेच्या पुस्तकात वनहक्क, पेसा आणि भूसंपादन कायद्यांतली दहा-बारा मूळ वाक्ये, त्यातले ऑर, टिल, शॅल, बिफोर ठळक अक्षरांत. ही पुस्तके पुण्या-मुंबईत लिहून होणार नाहीत. जुन्या गाइडाला पाहुणे कोणते प्रश्न विचारतात, आशाताईंना जिल्हा रुग्णालयात काय सांगता आले नाही, सचिवाला कोणत्या पत्राने चकवले, हे आधी त्यांच्याकडून टिपून घ्यावे लागेल. आणि ते टिपायला मोहर्ली, धानोरा, भामरागडपर्यंत जाणारी माणसे याच दोन जिल्ह्यांच्या महाविद्यालयांतून निघायला हवीत.